‘नव्वद ते साठ’ वाचल्यावर

४ मार्च

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येऊन पंधरा दिवस झाले आणि उत्तर आज लिहितेय, म्हणजे तुम्ही आधी रागावणार आणि मग पुढचं वाचणार. रागावून झालं असेल तर ऐका. घरी सगळे ठीक. तुमचे भाऊ गेल्या आठवड्यात लिफ्ट दुरुस्त करायला गेले आणि स्वतःच आत अडकले. बाहेर काढायला दुसरा लिफ्टवाला बोलवावा लागला. घरी येऊन म्हणाले, की दोन तास छान झोप झाली. खारूला गणितात पैकीच्या पैकी मिळाले. अकरा वर्षांची झाली, पण अजून शिडीवरून उतरायचं म्हटलं की उडीच मारते.

आमच्या वाचनालयात सध्या एकाच पुस्तकाचं राज्य आहे. ‘नव्वद ते साठ’ नावाची कादंबरी. नायिका बँकेत कारकून, वजन नव्वद किलो. शेजारी राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरवर तिचा जीव जडतो. त्याचं लक्ष नाही. मग ती वर्षभरात तीस किलो उतरवते, आणि साठाव्या किलोला तो तिला मागणी घालतो. आमच्याकडे दोन प्रती आणि सत्तावीस जणांची यादी! एक प्रत परत आली ती एकशे बाराव्या पानावर लोण्याचा डाग घेऊन. त्याच पानावर नायिका लोणी कायमचं सोडते. वाचणाऱ्याने सोडलेलं दिसत नाही.

मी स्वतःसाठी विकत घेतलेली प्रत सोबत पाठवतेय. वाचून झालं तेव्हा पहिली आठवण तुमचीच झाली. तुम्हाला काय वाटलं ते मोकळेपणाने लिहा. तुमच्यासारखं खरं बोलणारं माझ्या माहितीत दुसरं कुणी नाही.

पत्राला उशीर झाला तरी लोभाला होऊ देऊ नये.

आपली,
वहिनी

११ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

पुस्तक पोचलं. पार्सल मी दुकानात सगळ्यांसमोर फोडलं, कारण मला वाटलं तू मागच्या खेपेसारखी बटणं पाठवली असशील. निघालं काय, तर मुखपृष्ठावर वजनकाटा आणि त्यावर गुलाबाचं फूल. काज करणाऱ्या बाईने नाव मोठ्याने वाचलं. इस्त्रीवाल्या काकांनी एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून जोरजोरात इस्त्री फिरवायला लागले. इस्त्री अजून तापायला ठेवलेलीसुद्धा नव्हती.

लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे सुनेनेच लेकीला लावलं म्हणायचं. माझं वजन शहाऐंशी आहे. हे मला पुस्तकाने कळायला नको. बसमध्ये शेजारी बसणारा प्रत्येक माणूस अंग चोरून सांगतोच. पुस्तक वाचून माझी आठवण झाली, हे तू सरळ लिहिलंस, त्याबद्दल आभार. निदान आडपडदा ठेवला नाहीस.

पंचवीस वर्षं मी लोकांची मापं घेतेय. पण बेचाळीस कंबरेच्या बाईसमोर बेचाळीस हा आकडा मी आजवर तोंडाने उच्चारलेला नाही. वहीत लिहिते आणि हवापाण्याचं बोलते. तुलाही तेवढं जमायला हरकत नव्हती.

पुस्तक काज करणाऱ्या बाईला देऊन टाकलं. मी वाचणार नाही. खारूला पापा. भावाला म्हणावं, लिफ्टमध्ये झोपायचं तर उशी घेऊन जात जा.

माझा लोभ जाड आहे, इतक्यात विरायचा नाही. पण ताणू नकोस.

तुझी,
वन्सं

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि आमच्या घराची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. हिने पत्र वाचलं, घडी घातली, भांडी घासायला गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासली. विचारलं तर म्हणाली, काही नाही. तेरा वर्षांच्या संसारात मी एवढंच शिकलो आहे, की ‘काही नाही’ म्हणजे पुष्कळ काही.

ताई, ती तुला टोमणा मारेल का? तिला टोमणा मारता येत नाही. मागे घरमालकाला टोमणा मारायला गेली, तर तो खूश होऊन घरी गेला. ती एवढंच म्हणतेय, की वन्संना कळलंच नाही. काय कळलं नाही म्हणून विचारावं, तर पुन्हा ‘काही नाही’. मी इकडे आड तिकडे विहीर असा उभा आहे. सुपारी मी आणि अडकित्त्याची दोन्ही पाती माझ्या घरातली.

माझ्या लिफ्टमध्ये लिहिलेलं असतं, आठ माणसं. किती किलोंची आठ, हे कुणी वाचत नाही. बारीक असोत, जाड असोत, आठ जण शिरतात आणि लिफ्ट वर जाते. घरातही तसंच चालावं असं मला वाटतं. तू मोठी आहेस, दार तू उघड.

मे महिन्यात हिच्या वाचनालयात वाचकांच्या गप्पांचा कार्यक्रम आहे, ह्याच कादंबरीवर. त्यासाठी हिला एक कोट शिवून दे ना. माप विचारलं तर म्हणाली, जुनंच चालेल.

रागाचं बटण बंद आणि मायेचं चालू असू दे.

तुझा,
धाकटा

२ एप्रिल

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

तुझ्या नवऱ्याचं पत्र आलं. आमचा घोडा लहानपणापासून असाच, भांडण झालं की दोघींच्या मध्ये येऊन पडणार. पण म्हणाला ते खरं. मी तुझ्यावर उगाच आग पाखडली. आता झालं गेलं सोडून दे.

आणि ऐक, पुस्तक वाचलं मी. म्हणजे ऐकलं. काज करणारी बाई रोज दोन ते तीन मोठ्याने वाचते आणि आम्ही हात चालवत ऐकतो. नायिका पहिल्यांदा पळायला जाते आणि कोपऱ्यावर बसून रडते, ते वाचून झाल्यावर हिच्या हातून एका कोटाला सहाऐवजी सात काजं पडली. काका मात्र भयंकर चिडलेत. ते म्हणतात, दातांचा डॉक्टर भित्रा आहे. माणूस आवडलं तर सांगून मोकळं व्हावं, त्यात वजन करायला ती काय रद्दी आहे? गिऱ्हाइकांमध्येही साथ पसरली. एक मुख्याध्यापिका दीड इंच घट्ट ड्रेस शिवायला सांगून गेल्या, सहा आठवड्यांत त्यात मावणार म्हणून. मी त्यांना दीड इंच माया सोडून शिवलाय. सहा आठवड्यांनी शांतपणे उसवून देईन. शेजारचा पाववाला तर भांडायला आला, की तुमच्या पुस्तकामुळे माझी तीन गिऱ्हाइकं तुटली. शत्रू बघून घेतो म्हणून दोन दिवस पुस्तक घेऊन गेला. परत आणलं तेव्हा डोळे लाल. म्हणाला, बिचारीला एक तरी पाव खाऊ द्यायला हवा होता.

माझं मत विचारलंस. बाई गोड आहे, पण मला तिच्या घरी जेवायला जायची भीती वाटेल.

आता कामाचं. चेन बदलायला पाठवलेला तुझा निळा ड्रेस काल हातात घेतला. हा मीच शिवलेला, माप माझ्या वहीत आहे. कंबरेला कुणीतरी हाताने दोन्हीकडून आत घेतलाय. एकदा पांढऱ्या दोऱ्याने, मग त्याच्याही आत काळ्या दोऱ्याने. म्हणजे दोन वेळा. मिळून चार इंच. टाके तुझेच, तुझा टाका मी ओळखते. मी ह्याबद्दल काही ऐकलेलं नाही. तू आजारी आहेस का? कोटासाठी नवं माप पाठव. जुनं चालणार नाही.

उत्तराची वाट पाहतेय. लोभाची पाहावी लागत नाही, तो आहेच.

तुझी,
वन्सं

९ एप्रिल

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी वाचनालयात एकटीच हसले आणि स्वतःच्याच ‘शांतता राखा’ या पाटीकडे बघून गप्प झाले. पाववाल्यांना माझा नमस्कार सांगा.

आमच्याकडेही रोज नवं काही. एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, त्यांनी कादंबरी तीनदा वाचली. त्यांची तक्रार प्रेमाबद्दल नाही. नायिकेने पळण्यासाठी वर्षात एकोणचाळीस रजा घेतल्या, त्या कुठल्या नियमात बसतात, ही आहे. त्यांनी हिशेबाचा कागद मला आणून दाखवला. कॉलेजातल्या दोन मैत्रिणींनी एकाच प्रतीवरून भांडण केलं आणि आता त्या वेगवेगळ्या टेबलांवर बसतात. कुणीतरी शेवटच्या पानावर, डॉक्टर मागणी घालतो तिथे, पेन्सिलीने लिहिलंय, ‘मग आधी का नाही बोललास?’ पुस्तकावर लिहिलेलं खोडून टाकणं माझं काम. खोडरबर घेऊन बसले होते, पण हात चालला नाही. ते तसंच आहे.

ड्रेसचं विशेष काही नाही. कामाची धावपळ, जिने चढउतार. कोटाचं माप सवडीने पाठवते, मुळात कोट नसला तरी चालेल. कार्यक्रम अठरा मेला आहे. मी बोलणार नाही, खुर्च्या मांडणार आणि पाणी देणार. तुम्ही आलात तर फार बरं वाटेल.

तुमचा शब्द कडक असला तरी लोभ मऊ आहे, तो तसाच असावा.

आपली,
वहिनी

२० एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

वि. वि. म्हणजे काय ते मी बाबांना विचारलं. त्यांनाही नक्की माहीत नाही, पण लिहितात म्हणाले.

मला सुट्टी लागली. माझा एक गुडघा फुटला पण बरा झाला. तू माझ्यासाठी जो ड्रेस शिवणार आहेस तो जरा घट्ट शिव, कारण मी बारीक होणार आहे. आई सकाळी सगळ्यांच्या आधी उठून काट्यावर उभी राहते आणि मग आकडा न्हाणीघराच्या दारामागे पेन्सिलीने लिहिते. खूप आकडे आहेत, अगदी वरपासून खालपर्यंत. परवा मी पण काट्यावर उभी राहिले आणि आईच्या आकड्याखाली माझा लिहिला. मी एकतीस आहे. एकतीसचे एकवीस करायला किती दिवस लागतील? पुस्तकातल्या बाईला तीस किलोंना एक वर्ष लागलं, म्हणजे मला दहाला चार महिने, मी त्रैराशिकाने काढलं.

जेवताना आई आपला भात माझ्या ताटात सरकवते आणि बाबांना वाटतं ती जेवली. मी आता माझा पाव खिशात ठेवते आणि खिडकीतून पाखरांना देते. पाखरं खूप झालीत. हे आईला सांगू नको, ती मला पाव दे म्हणेल.

तू कधी येणार? काकांना सांग मी त्यांची इस्त्री वापरून बघणार आहे.

लोभ खूप असावा.

तुझी,
खारू

२३ एप्रिल

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

खारूचं पत्र आलं. तिच्यावर रागवायचं नाही, तुला माझी शपथ आहे. तिने चहाडी केली नाही. घट्ट ड्रेस शिव एवढंच सांगायला लिहिलं आणि बाकीचं ओघात आलं. पत्र सोबत पाठवतेय. दार लावून वाच.

वाचलंस? मग आता ऐक. आज मी टोमणा मारणार नाही, विनोदही करणार नाही. तू मला मापं पाठवत नाहीस ती विसरतेस म्हणून नव्हे, हे मला आता कळलं. पुस्तक तू माझ्यासाठी पाठवलंस असं मी धरून चालले आणि जळफळले. ते तू स्वतःबद्दल पाठवलं होतंस ना? मी एवढी जाणती, माणसाच्या खांद्यावरून त्याचं माप सांगणारी, आणि घरच्या माणसाचं मला दोन महिने दिसलं नाही. माझ्या डोळ्यांवर माझंच शहाऐंशी किलोंचं ओझं होतं.

तू काय करतेस, का करतेस, मी विचारून ठेवते. उत्तर द्यायची घाई नाही. पण पोरीची आहे. तिने त्रैराशिक मांडलंय, वहिनी. ते चार महिने सुरू झालेत.

भावाला मी काही कळवलेलं नाही. सांगायचं ते तू सांगशील.

मी आहे. एवढंच.

तुझी,
वन्सं

३० एप्रिल

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी दार लावून वाचलं आणि दार उघडून थेट न्हाणीघरात गेले. त्या दारामागे एक्कावन्न पूर्णांक आठच्या खाली, गोल अक्षरात, एकतीस. बाजूला तिने छोटं फूल काढलंय. मी ओल्या फडक्याने ते दार पुसत बसले. माझे आकडे किती वर्षांचे होते, जाता जाईनात. तिचा मात्र एका हातासरशी गेला.

लिहिते. कुणाला सांगितलेलं नाही ते लिहिते. एकोणिसाव्या वर्षी मी अठ्ठ्याऐंशी किलोंची होते. माहेरी मला पिंप म्हणत. लाडाने म्हणत, म्हणून रागावताही येत नसे. कॉलेजच्या नाटकात मला दाराचं काम दिलं. वन्सं, खोटं नाही. मी दार धरून उभी राहायची आणि लोक माझ्यामागून आत-बाहेर करायचे. त्या वर्षी मी जेवण निम्मं केलं, मग निम्म्याचं निम्मं. वर्षाने लोक म्हणाले, किती छान दिसतेस. बरी आहेस ना, असं एकानेही विचारलं नाही. मग मी सगळे फोटो जाळले आणि त्यानंतर दोन वर्षांनी तुमच्या घरात आले. तुमच्या भावाला मी अशीच माहीत आहे, पहिल्यापासून काटकुळी.

कादंबरी साठावर संपते. एकसष्टावा किलो आला तर काय करायचं, ते कुणी लिहीत नाही. मी बावन्नच्या खाली आलेय आणि रोज सकाळी काट्यावर चढताना अजून अठ्ठ्याऐंशीच दिसतील अशी धास्ती असते. आपल्या सगळ्या गोतावळ्यात आरशासमोर उभं राहून शीळ घालणारी बाई मी एकच पाहिलीय, ती तुम्ही. मला विचारायचं होतं, की हे कसं जमतं. सरळ विचारायचा धीर नव्हता, म्हणून पुस्तक पाठवलं. ते उलटं पडणार हे एखाद्या लहान पोरालाही कळलं असतं.

काल खारूला जवळ घेऊन बसले. पाखरांना आजपासून आपण दोघी मिळून पाव द्यायचा, पण आधी आपण खायचा, असं ठरलंय. माझा पहिला घास मला पाण्याबरोबर ढकलावा लागला. पण गेला.

यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. लोभ असू द्या, मला त्याची सध्या फार गरज आहे.

आपली,
वहिनी

५ मे

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

अगं, शीळ मी आरशासाठी घालत नाही. दिवसभर तोंडात टाचण्या धरलेल्या असतात, त्या काढल्या की ओठ मोकळे झाल्याचा आनंद होतो, तो असा बाहेर पडतो. आता विचारलंस म्हणून खरं सांगते. रोज जमत नाही. महिन्यातले चार-पाच दिवस मीही आरशाकडे पाठ करून कापड कापते. बाकीचे दिवस काम इतकं असतं, की मी कशी दिसते हे बघायची पाळी येत नाही. माझ्याकडे याहून मोठं गुपित नाही. असतं तर तुलाच दिलं असतं.

एक कर. गावात चांगली डॉक्टरीण असेल तिच्याकडे जा आणि मला लिहिलंस तेवढंच तिला सांग. हा आजार आहे, वहिनी, खोड नव्हे. खोड असती तर मीच दटावून काढली असती.

मला कार्यक्रमाला येता येत नाही. शाळेचे तीनशे गणवेश अंगावर आहेत आणि काकांची पाठ धरलीय. तुझ्या नवऱ्याला मी वेगळी चिठ्ठी धाडतेय, की पहिल्या रांगेत बस आणि पेंगू नकोस. बाकी काही लिहिलेलं नाही.

एका माणसाचा लोभ कमी पडत असेल तर सांग, अख्खं दुकान तयार आहे. त्यांना कारण ठाऊक नाही, तरी तयार आहेत.

तुझी,
वन्सं

२० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या चिठ्ठीप्रमाणे पहिल्या रांगेत बसलो. पेंगलो नाही. पेंगायला जागाच नव्हती. खुर्च्या चाळीस आणि माणसं त्रेपन्न, शेवटचे काही जण पुस्तकांच्या शिडीवर बसले होते. खारू सगळ्यात वरच्या पायरीवर.

आधी पोस्टमास्तरांनी एकोणचाळीस रजांचा प्रश्न मांडला. मग एक कॉलेजातली मुलगी उठली आणि म्हणाली, की शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिणारी ती हीच, दंड करायचा तर करा. सगळे टाळ्या वाजवायला लागले. एक आजी म्हणाल्या, की त्यांना कादंबरी फार आवडली, फक्त ती बाई जेवत नाही ती पानं त्यांनी सोडून दिली. म्हणजे त्यांनी साधारण निम्मी वाचली. लोण्याच्या डागाचाही मालक सापडला. तो आमच्या गल्लीतला शिक्षक निघाला.

मग आमची पाण्याचा जग हातात घेऊन उभी होती ती तशीच बोलायला लागली. आवाज इतका बारीक, की आधी वाटलं, कुणाला पाणी हवं का विचारतेय. ती म्हणाली, की ती एकेकाळी अठ्ठ्याऐंशी किलोंची होती आणि ही गोष्ट जिथे संपते तिथून तिची सुरू झाली. म्हणाली, की साठ आल्यावर थांबायचं कसं, हे पुस्तकात नाही आणि तिला ते अजून शिकायचंय. एवढंच बोलली आणि जग खाली ठेवायला जागा शोधू लागली. मी उठून तो हातातून घेतला. मागून एक दाढीवाला गृहस्थ म्हणाला, की तो चार वेळा बारीक झालाय आणि पाच वेळा जाड, आणि हे आज पहिल्यांदा चारचौघांत बोलतोय. त्यानंतर कादंबरीचं नाव कुणी घेतलं नाही, पण साडेसातपर्यंत कुणी उठलंही नाही.

आता तुला एक सांगतो, ते तिलाही घरी आल्यावरच सांगितलं. ताई, मला माहीत होतं. लग्न ठरलं तेव्हाच हिच्या मामांनी एक फोटो दाखवला होता. म्हणाले, बघून घ्या, मागाहून तक्रार नको. फोटोत एक धष्टपुष्ट मुलगी सायकलवर बसून, दोन्ही हात सोडून, तोंड उघडं टाकून हसतेय. मी तो मामांकडून मागूनच घेतला. मला ती मुलगी फार आवडली. पुढे एकदा मी हिला कॉलेजच्या फोटोंबद्दल विचारलं, तर चेहरा असा उतरला, की मी पुन्हा विषय काढला नाही. तेरा वर्षं तो फोटो माझ्या हत्यारांच्या पिशवीत, लिफ्टच्या माहितीपुस्तकात आहे. लिफ्टमध्ये अडकलो की काढून बघतो.

मला वाटलं, हे ऐकून ती विरघळेल. कसलं काय! ती अशी भडकली, की खारू उठून बाहेर गेली. म्हणाली, मी तेरा वर्षं एकेक घास मोजला आणि ते तुमच्या पिशवीत पान्ह्याशेजारी पडलेलं होतं? एक शब्द बोलला असतात तर? तिला दुखेल म्हणून गप्प बसलो म्हणतो मी, पण खरं तर मलाच भीती वाटत होती. कालपासून ती माझ्याशी फक्त खारूमार्फत बोलते. मी काय करू ते लिही.

माझ्यावर लोभ आहे का, तेही लिही.

तुझा,
धाकटा

११ जून

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर बघून घाबरू नका. डाव्या हाताने लिहितेय. काय झालं ते क्रमाने सांगते.

तुमच्या भावाशी मी पाच दिवस बोलले नाही. सहाव्या दिवशी ते म्हणाले, की ताईचं पत्र आलंय आणि तिने फक्त ‘माफी माग आणि गप्प बस’ एवढंच लिहिलंय. त्यांनी माफी मागितली आणि खरंच गप्प बसले. त्या गप्प बसण्याचंच शेवटी मला हसू आलं. एवढा बोलका माणूस जेवताना मीठसुद्धा खुणेने मागत होता.

डॉक्टरीणबाईंकडे दर मंगळवारी जाते. तरुण आहेत, पण ऐकून घेतात. काटा त्यांच्याकडेच ठेवून घेतलाय. पहिले काही दिवस सकाळी उठून मी रिकाम्या फरशीवर उभी राहायचे, सवयीने. अजूनही एखाद्या दिवशी ताट समोर आलं की मी घास मोजायला लागते. त्या म्हणतात, वेळ लागेल. मी त्यांना विचारलं, किती दिवस, तर म्हणाल्या की त्रैराशिकाने नाही सांगता येणार. खारूची गोष्ट मीच त्यांना सांगितली होती.

फोटो मी आठवडाभर उलटा ठेवला होता. खारूने तो सुलटा केला. ही कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी. तिने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, की आई, तुला हात सोडून सायकल चालवता येते आणि तू मला आजवर सांगितलं नाहीस? वन्सं, तिला त्या फोटोत फक्त तेवढंच दिसलं. माझा दंड नाही, पोट नाही. सोडलेले हात.

मग ती हटूनच बसली, की शिकव. काल रविवारी दुपारी गल्लीत शुकशुकाट होता, तर शिक्षकांची सायकल मागून आणली. म्हटलं, पंधरा वर्षं झाली, जमेल की नाही देव जाणे. पहिली फेरी दांडा धरून. दुसऱ्या फेरीला एक हात. तिसऱ्या फेरीला दोन्ही सुटले आणि मी कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत तशीच गेले. तुमचे भाऊ गॅलरीतून ओरडले, की ब्रेक लाव. खारू मागून पळत ओरडत होती, की लावू नको. मी दोघांचं ऐकायला वळले आणि सरळ शेजाऱ्यांच्या कुंपणात. कोपर सोललं, मनगट मुरगळलं, सायकलची घंटा तुटली. मी तिथेच बसून हसत होते. तुमचे भाऊ तीन मजले धावत उतरले, कारण आमची लिफ्ट बंद आहे.

मग घरात एकच गडबड उडाली. एकजण मनगट धरून, एकजण पट्टी शोधत, शिक्षक घंटेचे तुकडे घेऊन दारात. जेवणं खोळंबली होती, तीन वाजून गेले होते. मला भूक लागली होती. कितीतरी वर्षांनी, अशी साधी, कडकडून. मी डाव्या हाताने भात वाढून घेतला, खाल्ला आणि पुन्हा घेतला. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. सगळे माझ्या कोपराकडे बघत होते.

तुम्हाला सांगितल्यावाचून राहवेना, म्हणून उजव्या हाताची वाट पाहिली नाही. लोभ कसा ठेवायचा ते तुम्हाला शिकवणारी मी कोण?

आपली,
वहिनी